चोर हा क्लास की पात्राची ओळख? मराठीतून खेळणाऱ्या सोलापूरच्या एका टेबलासाठी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात आपण मित्रमंडळींचा एक गट जमवून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे रंगवत फाशांनी खेळायचा कथाखेळ मराठीतून खेळवता. गटातील एक खेळाडू चोराचे पात्र घेऊन सोबत्यांच्याच पिशव्यांत हात घालतो आणि जाब विचारला की, “माझ्या शीटवर चोर लिहिले आहे, मग मी दुसरे काय करणार?” असे उत्तर देतो (शीट म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद). दुसऱ्या एका खेळाडूला हेर खेळायचा आहे. तिला लागणारी सगळी कौशल्ये याच क्लासमध्ये, म्हणजे पात्राच्या याच प्रकारात, आहेत, पण चोर हा शिक्का तिला नको आहे. खेळाच्या इंग्रजी पुस्तकात या क्लासला दिलेले ‘रोग’ (rogue, म्हणजे लबाड) हे नाव देवनागरीत लिहिले की आजाराचे वाटते, म्हणून तेही टेबलावर रुजले नाही. तेव्हा या क्लासला मराठीत काय म्हणावे आणि नाव बदलल्याने भांडण खरोखर मिटेल का, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो. क्लासचे नाव पात्राला काय येते हे सांगणारे असावे, पात्राने काय केले हे सांगणारे नसावे. कुलूप उघडता येणे हे शिक्षण आहे, चोरी हे कृत्य आहे आणि ‘चोर’ ही त्या कृत्यावरून लोकांनी दिलेली ओळख आहे. या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की खेळाडूला वाटते, आपण चोरी केली नाही तर आपण आपला क्लासच खेळत नाही. आपल्या टेबलावर नेमके हेच झाले आहे. त्यामुळे नाव अवश्य बदला. पण नावाबरोबर दोन-तीन नियमांकडेही नव्याने पाहावे लागेल, आणि त्यासाठी हा क्लास आला कुठून ते माहीत असणे उपयोगाचे आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (देवाचा सेवक) असे तीनच क्लास होते; चोर नव्हताच. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे खेळांच्या एका दुकानात जमणाऱ्या खेळाडूंकडून ही कल्पना गायगॅक्स यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर अधिकृतपणे आला. त्या काळात भुयारातून बाहेर आणलेल्या संपत्तीवरच मुख्यतः अनुभवाचे गुण मिळत: एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. म्हणजे लढवय्या, जादूगार आणि देवाचे नाव घेणारा क्लेरिक हे सगळेच दुसऱ्याची तिजोरी रिकामी करण्यासाठी भुयारात उतरत होते. अशा टोळीत ‘चोर’ हे नाव नैतिक ओळख म्हणून नव्हते, तर कुलूप आणि सापळा यांचा जाणकार एवढाच त्याचा अर्थ होता. सगळ्यांचा हेतू एकच असल्यामुळे त्या नावाने कोणी वेगळा पडत नव्हता.

पुढे हेतू बदलला आणि नाव मात्र राहिले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत संपत्तीवरचे सर्वसाधारण गुण ऐच्छिक झाले. मुख्य भर राक्षसांना हरवण्यावर आणि कथेतील उद्दिष्टे गाठण्यावर आला. त्याच आवृत्तीत क्लासनिहाय वैयक्तिक बक्षिसांचा एक ऐच्छिक तक्ता होता आणि त्यात चोराच्या गटाला मिळवलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे दोन गुण दिले होते. याचा परिणाम काय होणार हे सांगायला नको. बाकीची पार्टी, म्हणजे सोबत्यांचा गट, गाव वाचवायला निघालेली आणि एकटा चोर नाणी मोजत असलेला. सोबत्यांचे खिसे कापणारा चोर हा अनेक टेबलांवरचा जुना त्रास आहे. त्याचे खापर खेळाडूच्या स्वभावावर फोडण्याआधी नियम त्याला कशाचे बक्षीस देत होते ते पाहावे.

चोर आणि रोग या दोन नावांनी पुढे जागाही बदलल्या, आणि माझ्या दृष्टीने ही या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये प्रत्येक लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या पायरीला, एक पदवी होती आणि चोराच्या पहिल्या लेव्हलची, म्हणजे शिकाऊ उमेदवाराची पदवी ‘रोग’ ही होती. चोर हा मोठा शब्द, रोग हा त्याच्या पोटातला लहान शब्द. १९८९ मध्ये रोग हे चोर आणि भाट या दोघांना सामावणाऱ्या गटाचे नाव झाले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते क्लासचेच नाव झाले आणि चोर हा क्लास मुख्य पुस्तकातून गेला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत चोर परत आला तो रोगचा एक उपवर्ग म्हणून, मारेकरी आणि जादूची जोड असलेला ‘आर्केन ट्रिकस्टर’ यांच्या रांगेत. २०२४ च्या पुस्तकात ‘सोलनाइफ’ या चौथ्याची भर पडली. आज ‘चोर’ हा शब्द क्लासचा नाही, तिसऱ्या लेव्हलला निवडायच्या एका वाटेचा आहे. आपण मराठीत संपूर्ण क्लासला चोर म्हणता तेव्हा पुस्तकाने मोठ्या कष्टाने सोडवलेली गाठ पुन्हा बांधता.

आपल्या खेळाडूला एक नियम मुद्दाम दाखवा. पाचव्या आवृत्तीत या क्लासचा मुख्य घाव म्हणजे स्नीक अटॅक, संधी साधून केलेला जादा इजेचा हल्ला. तो बसण्यासाठी हल्ल्यावर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) तरी लागतो, नाहीतर लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत आपला एखादा सोबती उभा असावा लागतो. प्रत्यक्ष झटापटीत दुसरी अटच अधिक वेळा पुरी होते. म्हणजे लढवय्या राक्षसासमोर पाय रोवून उभा आहे म्हणूनच या पात्राचा सुरा लागतो. ज्याच्या पिशवीतून काल रात्री माणिक उचलले, तोच उद्या बाजूला उभा राहिला नाही तर हा क्लास निम्मा लुळा पडतो. “चोर म्हणून मी सोबत्यांना लुटणारच” हा युक्तिवाद नियमांच्या अंगाने उलटा आहे. सोबत्यांवर इतका विसंबणारा दुसरा क्लास दाखवणे कठीण. खेळाडूला समज देण्यापेक्षा हा हिशेब समोर ठेवलेला बरा, असे मला वाटते.

आता या क्लासला येते काय, हा ओळखीचा खरा भाग आहे आणि येथे थोडे रेंगाळतो. जुन्या आवृत्त्यांत चोराची कौशल्ये टक्केवारीत दिलेली असत. १९८१ च्या बेसिक संचात पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता १५ टक्के, सापळा निकामी करण्याची १०, खिसा कापण्याची २०, आवाज न करता चालण्याची २० आणि सावलीत लपण्याची १० टक्के होती. उभा कडा चढण्याची मात्र ८७ टक्के. आता पहारेकऱ्याच्या मागून निघायचे असेल तर आवाजही नको आणि दिसणेही नको. दोन्ही फासे लागण्याची शक्यता शंभरात दोन. ज्याचे नावच चोर, तो शंभरपैकी अठ्ठ्याण्णव वेळा पकडला जाणार असेल, तर त्या नावाला अर्थ काय उरला? याहून वाईट म्हणजे, चोराला दहा टक्के दिले आहेत म्हणून इतरांना शून्य, असा अर्थ टेबलावर लावला जाऊ लागला. चोर येण्यापूर्वी कोणीही खांबाआड दडत असे, दाराला कान लावत असे. चोर आला आणि या साध्या, कोणालाही जमणाऱ्या कृती त्याच्या मालकीच्या झाल्या.

जाणत्या डीएमांनी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधारांनी, यातून काढलेली वाट मला आजही पटते. खांबाआड दडणे कोणालाही जमते आणि त्याला फासा लागत नाही. दडायला खांबच नाही, केवळ भिंतीची सावली आहे, तेथे इतरांचे काम संपते आणि चोराची टक्केवारी सुरू होते. साधा प्रयत्न फसल्यावर त्याला जी जास्तीची संधी मिळते, ती त्याची ओळख. हिरकणी रायगडाचा कडा उतरून गेल्याची आख्यायिका आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. ती गवळण होती. तिच्या शीटवर चढण्याचे कौशल्य नसेल म्हणून तिला कड्यावर अडवणारा डीएम कोणाला आवडेल?

कौशल्य टेबलावर कसे दिसावे, याचा मला सापडलेला सर्वांत उत्तम नमुना भारतीयच आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचा आहे. मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडतो. त्याआधी तो भिंत पाहतो. भाजलेल्या विटा असतील तर त्या ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीच्या गोळ्यांची भिंत असेल तर पाणी शिंपडून भिजवायची, लाकडाची असेल तर फाडायची. खिंडाराचे सात आकार त्याला ठाऊक आहेत आणि भाजलेल्या विटांच्या या भिंतीला पूर्णकुंभच शोभेल असे तो ठरवतो. मापायची दोरी विसरली म्हणून जानव्याने मापतो. आत गेल्यावर जुने दार करकरेल म्हणून त्यावर पाणी शिंपडतो, आणि त्या पाण्याचाही आवाज होईल की काय, या विचाराने दाराला पाठ लावून ते उघडतो. ‘आवाज न करता चालणे’ या चार शब्दांत किती खेळ भरलेला आहे, हे येथे दिसते. शर्विलक ब्राह्मण आहे, प्रेमिक आहे. मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी त्याला दागिने हवे आहेत. चोरी हे त्याचे त्या रात्रीचे कृत्य आहे, विद्या त्याच्याजवळ आधीपासून आहे आणि त्याची ओळख या दोन्हींहून मोठी आहे. आपल्या टेबलावर कोणी कौशल्याचा फासा उचलला की आधी विचारा: भिंत भाजलेल्या विटांची आहे की धाब्याच्या घराची मातीची? हातात काय आहे? उत्तर चांगले आले तर कठीणपणाचा आकडा, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, खाली आणा. चोरापेक्षा कारागीर खेळत असल्याची भावना खेळाडूला येथूनच येऊ लागते.

आता मराठी नावाकडे येतो. सोलापुरात राहून या बाबतीत एक गोष्ट मी फार गंभीरपणे घेतो. चोराच्या क्लाससाठी मराठी शब्द शोधू लागलो की ‘भामटा’ आणि ‘उचल्या’ हे दोन शब्द सहज तोंडी येतात, आणि ते कृपा करून वापरू नका. ते माणसांच्या जमातींना चिकटवलेले शब्द आहेत. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी संपूर्ण जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नोंदणी केली, हजेरी लावली, परवान्याशिवाय हलणे बंद केले. आपल्या शहरातील सेटलमेंट हा भाग त्याच काळाची खूण आहे. अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवून गिरण्यांत कामाला लावले जात होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि म्हणून तो दिवस विमुक्त दिन मानला जातो. ज्या शहरात कोणीही काही न चोरता चोर म्हणून नोंदले गेले, त्या शहरातील टेबलावर क्लासच्या रकान्यात, म्हणजे पात्राच्या जणू जन्माच्या रकान्यात, चोर असे लिहिणे मला खटकते. आपल्या टेबलावर उद्या त्या वस्तीतील मुलगा किंवा मुलगी येऊन बसावी अशी इच्छा असेल, तर हा विचार आजच करायला हवा. पारधी हे नावही शिकारी किंवा चोर पात्रांसाठी सर्रास घेतले जाते. तेही याच कारणाने टाळा.

मग उरते काय? ‘कसबी’ हा शब्द अनेकांना आधी सुचतो, पण त्याचे स्त्रीरूप मराठीत वेगळ्याच अर्थाने रूढ आहे आणि आपली हेर खेळणारी खेळाडू ते कधीच स्वीकारणार नाही. ‘भुरटा’ फार किरकोळ आहे. विसाव्या लेव्हलच्या पात्राला भुरटा म्हणवत नाही. ‘बिलंदर’ मला आवडतो, कारण त्यात हुशारी, धिटाई आणि थोडी लबाडी एकत्र आहे. पण तो स्वभावाचा शब्द आहे आणि गंभीर, अबोल पात्राला तो घट्ट होतो. मी माझ्या टेबलावर ‘हिकमती’ वापरतो. हिकमत म्हणजे युक्ती आणि हातातली करामत दोन्ही. पुरुष, स्त्री दोघांना एकच रूप चालते. आणि मुख्य म्हणजे त्यात गुन्ह्याचा आरोप नाही. क्लास हिकमती, आणि तिसऱ्या लेव्हलला ज्याला हवे त्याने चोर, मारेकरी किंवा मायावी (आर्केन ट्रिकस्टर) व्हावे. चोर हा शब्द आपण खेळातून हद्दपार करत नाही. तो खेळाडूने जाणूनबुजून निवडायच्या जागी ठेवतो. इतर खेळांनीही हीच दिशा घेतलेली दिसते. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चोर ही रोगच्या अनेक वाटांपैकी एक आहे. २०१० च्या ‘लॅमेंटेशन्स ऑफ द फ्लेम प्रिन्सेस’ने तर क्लासला सरळ स्पेशालिस्ट म्हटले. २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये सगळीच पात्रे गुन्हेगारी टोळीतील असल्यामुळे चोर हे नाव कोणालाच नाही, कोण सावलीतून वावरतो, कोण बोलून गळाला लावतो, कोण जाळे विणतो, यावरून नावे पडतात.

हेर खेळू इच्छिणाऱ्या खेळाडूचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. २०१४ च्या पुस्तकात पार्श्वभूमी म्हणून ‘क्रिमिनल’ दिली आहे आणि तिचाच पर्याय म्हणून ‘स्पाय’ही दिला आहे. कौशल्ये तीच, फक्त पात्राने ती कोणाच्या पदरी राहून वापरली एवढा फरक. बहिर्जी नाईकांचे नाव घेतले की मराठी खेळाडूला हे लगेच उमगते: वेषांतर, कानोसा, बंद दारापलीकडचे कळणे, हे सगळे हिकमतीचे काम, पण स्वराज्याच्या चाकरीत. तिच्या शीटवर क्लास हिकमती, पार्श्वभूमी जासूद असे लिहा आणि ती कोणाला खबर देते ते पहिल्याच सेशनला ठरवून घ्या, कारण धनी नसलेला हेर टेबलावर लवकर भरकटतो.

व्हिडिओ गेममधून आलेल्या मुलांसाठी एवढेच पुरेल की तेथे ही नावे बहुधा लढण्याच्या पद्धतीची असतात. १९८७ च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’तला थीफ पुढे निंजा होतो, आणि २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधला रोग हा मुख्यतः जवळून घाव घालणारा योद्धा आहे. तेथून येणाऱ्याला कुलूप, बोलणे आणि भिंती यांतली मजा वेगळी दाखवावी लागते.

ओळख घट्ट करणारी आणखी एक गोष्ट पुस्तकात आहे आणि बहुतेक टेबलांवर ती वाया जाते: चोरांची सांकेतिक भाषा, ‘थीव्ह्ज कँट’. हिकमतींना ती पहिल्या लेव्हलपासून येते. मराठीतून खेळताना तिला तयार साधन आहे, ते म्हणजे च-ची भाषा. शब्दातले पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला च लावायचा. ‘मला भूक लागली’चे ‘चलाम चकभू चगलीला’ होते. ‘कुलूप’ म्हणायचे तर ‘चलूपकु’. दोन हिकमती पात्रे पहारेकऱ्यासमोर असे बोलू लागली की बाकीच्या खेळाडूंना खरोखर क्षणभर कळत नाही, आणि नियमाने जे सांगितले आहे ते टेबलावर प्रत्यक्ष घडते. शब्दांवाचून बोलायचे असेल तर जनावरांच्या बाजारात व्यापारी पंच्याखाली बोटे धरून भाव ठरवतात ती रीत घ्या. खेळाडूंना सोलापुरी टॉवेल द्या आणि त्याखाली बोटांनी किती पहारेकरी आहेत ते सांगू द्या. अशा दोन-चार खुणा ठरल्या की हिकमती असणे म्हणजे एका गुप्त बिरादरीत असणे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपले कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी कथा, मध्यावर आहे, म्हणून शेवटचे. चालू पात्राचे आकडे बदलू नका. शीटवरचा क्लासचा शब्द खोडून हिकमती लिहा. ते पात्र तिसऱ्या लेव्हलला पोहोचलेले असेल आणि खेळाडूला चोरच राहायचे असेल तर उपवर्गाच्या जागी चोर लिहू द्या. आतापर्यंत सोबत्यांकडून उचललेल्या वस्तूंची यादी त्याच्याकडून घ्या आणि त्या वस्तूंचे काय करायचे ते पार्टीने पात्रांच्या तोंडून ठरवावे. डीएमने निकाल देऊ नये. त्यानंतरच्या सेशनला शर्विलकाच्या भिंतीसारखे एक चांगले घर त्याच्यासमोर ठेवा, ज्यात शिरण्यासाठी लढवय्याने आधार द्यावा लागेल आणि जादूगाराने दिवा विझवावा लागेल. हात कोठे चालवायचा, हे त्याला दाखवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.